साडेबारा

तुर्भ्याला, फळबाजाराच्या मागच्या गल्लीत
माझी नोकरी पिकवण्याची.
म्हणजे झाडाचं काम मी करते,
बारा तासांच्या पाळीत.
दार घट्ट लावायचं, वीस अंश ठेवायचे,
गॅस सोडायचा, फार नाही, चिमूटभर,
की नंदुरबारहून कागदात गुंडाळून आलेल्या हिरव्या पपया
शुक्रवार सांगितला तर शुक्रवारी पिवळ्या.
सगळ्या. एकदम.
शाळा सुटल्यासारख्या नव्हेत,
कवायतीला उभ्या केल्यासारख्या.

पर्समध्ये साखरमापक असतो.
वीतभर नळी, टोकाला काच.
काचेवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरायचं,
निळं संपतं आणि पांढरं लागतं तिथला आकडा वाचायचा.
दहाच्या खाली : परत.
अकराच्या वर : मॉल.
चव कोणी विचारत नाही.
विचारली तर सांगता येईल का, कोण जाणे.
थेंब पुसून पुसून आता
संध्याकाळच्या चहातही मला आकडाच लागतो.

घणसोली गावठाणात माझी भाड्याची खोली.
मालकीण गोमाबाय भोपी.
जमीन गेली, बदल्यात साडेबारा टक्के मिळाले,
त्यावर ही तीन मजली उभी राहिली
आणि मीटरच्या पेट्यांमागे, गटाराच्या कडेला, एक पपई.
लावली कोणी?
"पोपट हागला, उगवली."

त्या रविवारी तिचं पहिलं फळ उतरलं.
देठाजवळ चोचीचं भोक, खाली बुळबुळीत डाग.
मीही कामावरून एक आणली होती,
स्टिकरवाली, बाळाच्या गालासारखी.
म्हटलं, होऊन जाऊ दे.
एकाच मोरलीवर दोन्ही चिरल्या.
तिच्या नातवाला, नैतिकला, डोळे मिटायला लावले.
त्याने दोन्ही खाल्ल्या, ओठ पुसले,
आणि माझ्या पपईकडे बोट केलं : "ही गोड."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?
माझं झाड जिंकलं होतं, वीस अंशांचं.
वर मी साखरमापकही काढला.
तिची नऊ. माझी साडेबारा.

"किती?"
"साडेबारा, मावशी."
गोमाबाय इतकी हसली
की मांडीवरची मोरली बाजूला ठेवावी लागली.
"साडंबारा! त्याची चव आमाला इचार ना गो."

मग डोळे पुसत म्हणाली,
"तू भितीकडची खाल्लीस. ह्या अंगाची खा,
ह्या अंगाला ऊन व्हता."
खाल्ली.
काय सांगू. थोडी मिरीसारखी, थोडी उग्र,
गटाराचंही काही त्यात असेल,
आणि मग गोड, पण उशिरा,
घास गिळून झाल्यावर मागून हाक मारल्यासारखं.
थेंब ठेवला. तेरा.
काच पुसली, पुन्हा ठेवला. तेराच.
एका फळाचे दोन आकडे.
असा माल आम्ही परत पाठवतो.

नैतिकचं मत बदललं नाही.
त्याला ती बाजूसुद्धा "वास येतो" म्हणून नको.
त्याच्या जिभेशी काय भांडायचं?
तिची उरलेली फोड सकाळी पाणी सुटून बसली,
कावळ्यांनी नेली.
माझी फ्रिजमध्ये पाच दिवस राहिली,
पाचव्या दिवशीही पहिल्या दिवसासारखी.

सोमवारी पाळीवर, दार लावल्यावर,
कोणी बघत नाही असं पाहून
मी ट्रेमधली एक पपई फोडली.
काच काढलीच नाही.
एका अंगाने खाल्ली.
मग फिरवून दुसऱ्या अंगाने.
गोड होती.
पुन्हा फिरवली, भितीकडची बाजू शोधली,
उन्हाकडची शोधली.
दोन्हीकडून सारखी.